परदेशातून आलेली उपकरणे, आपले बोर्ड आणि तिसरी पिन

निवृत्त_मास्तर (जळगाव)

नमस्कार मंडळी. मुलगा दुबईहून सुटीवर आला आणि येताना त्याने आईसाठी पाणी उकळण्याची किटली व एक इस्तरी आणली. त्याच आठवड्यात सुनेची धाकटी बहीण अमेरिकेतून आली आणि तिच्या सामानात केस वाळवण्याचा ड्रायर निघाला. या तिन्ही वस्तूंपैकी एकाचीही पिन आमच्या भिंतीवरच्या बोर्डात बसेना. किटलीला व इस्तरीला जाड, चपट्या अशा तीन पिना आहेत, तर ड्रायरला पातळ पट्टीसारख्या दोनच आहेत. शेवटी बाजारातून सगळ्या देशांच्या पिना घेणारा एक पांढरा अडॅप्टर आणला आणि प्रयोग सुरू झाले.

किटलीने पाणी उत्तम उकळले. ड्रायरने मात्र सुरू करताच विमानासारखा आवाज काढला, चार-पाच सेकंदांत जळका वास आला आणि तो कायमचा गप्प झाला. त्याच्यावर १२० व्होल्ट, १५०० वॅट असे छापलेले आहे, हे आम्ही नंतर वाचले. इस्तरी तापते, कपडेही चांगले होतात, पण अनवाणी पायाने उभे राहून तिच्या धातूच्या भागाला बोट लागले की हाताला बारीक झिणझिण्या येतात. शेजारचे गृहस्थ म्हणतात की एवढे चालायचेच, आपला कूलरही तसाच झिणझिणतो. ते खरे आहे, आमच्या कूलरच्या पत्र्याला ओला हात लागला तर तसेच होते आणि इतक्या वर्षांत त्याचे कोणाला काही वाटलेले नाही.

माझे प्रश्न असे आहेत. एकाच अडॅप्टरवर एक वस्तू चालली आणि दुसरी जळाली, असे का झाले? इस्तरीची मूळ पिन कापून आपल्याकडची पिन बसवावी, असा शेजाऱ्यांचा आग्रह आहे, तो योग्य आहे का? मी आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवले आहे, तेव्हा उत्तर देताना विज्ञान बेताने घ्यावे, ही विनंती.

भुसावळकर

मास्तर, माझी नोकरी वीजनिर्मितीत गेली असल्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. पिनेचा आकार आणि विजेचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडॅप्टर फक्त आकार जुळवून देतो, दाबाला तो हातही लावत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज येते. दुबईतही दाब जवळपास तेवढाच आणि वारंवारता ५० हर्ट्झच आहे, म्हणून किटलीला गाव बदलल्याचे कळलेसुद्धा नाही. अमेरिकेत मात्र १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ आहे. तापणाऱ्या तारेला दाब दुप्पट मिळाला, तर तिच्यातून प्रवाहही दुप्पट जातो आणि उष्णता चौपट होते. २३० भागिले १२० याचा वर्ग साधारण ३.६७ येतो, म्हणजे १५०० वॅटच्या ड्रायरकडून आपण त्या चार-पाच सेकंदांत साडेपाच हजार वॅटचे काम मागितले. तो जळाला नसता तरच नवल होते.

उपकरणाच्या किंवा चार्जरच्या पाठीवरची बारीक अक्षरे आधी वाचावीत. मोबाइलच्या व लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे असते आणि ते जगात कुठेही चालतात. ज्याच्यावर एकच आकडा आहे आणि तो ११० किंवा १२० आहे, ते अडॅप्टरवर लावू नये. त्याला दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि ड्रायरसारख्या वस्तूसाठी तो एवढा जड व महाग पडतो की इथला नवा ड्रायर घेणे स्वस्त होते.

मात्र मला ड्रायरची चिंता वाटत नाही, कारण तो मरून मोकळा झाला. ज्या दोन वस्तू चालत आहेत, त्यांची वाटते. किटली किती वॅटची आहे, ते कळवावे.

निवृत्त_मास्तर (जळगाव)

किटलीच्या बुडाशी २२०० वॅट असे आहे. इस्तरी १००० वॅटची आहे. अडॅप्टर दिवाणखान्यातल्या साध्या लहान सॉकेटमध्ये लावला होता.

तारजोड्या (अमळनेर)

मास्तर, नमस्कार. मी वायरमन आहे, घरफिटिंगची कामे करतो. भुसावळकर साहेबांनी बोट बरोबर ठेवले आहे.

आपल्याकडे घरात दोन मापांची सॉकेट असतात. लहान सॉकेट ६ अँपिअरचे, ज्याला जुने लोक अजून पाच अँपिअरचे म्हणतात, आणि मोठे १६ अँपिअरचे, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो. लहान टॉपच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या प्लगच्या, खालच्या दोन पिना सुमारे ५ मिलिमीटर जाडीच्या असतात, मोठ्याच्या सुमारे ७ मिलिमीटरच्या. ही रचना मूळ इंग्रजांची, बीएस ५४६ या मानकातली. त्यांनी स्वतः १९४७ नंतर चपट्या पिनांची बीएस १३६३ ही पद्धत घेतली आणि आपण गोल पिनाच ठेवल्या. आता त्यासाठी आपले आयएस १२९३ हे मानक आहे. दुबईहून आलेली चपटी पिन ती हीच इंग्रजांची नवी पद्धत.

२२०० भागिले २३० केले तर साडेनऊ अँपिअर होतात. तेवढा प्रवाह तुम्ही ६ अँपिअरच्या सॉकेटमधून, त्याच्यामागच्या बारीक वायरमधून आणि त्या पांढऱ्या अडॅप्टरमधून ओढत आहात. एकदा पाणी उकळायला चार मिनिटे लागतात म्हणून काही दिसले नाही. पाहुणे आले, लागोपाठ तीन वेळा किटली भरली, म्हणजे अडॅप्टरला हात लावून पाहा. असली सॉकेट मी उघडली आहेत, आतली पितळी पट्टी निळी-काळी पडलेली असते आणि मागचे प्लास्टिक पापडासारखे झालेले असते. बोर्डामागे १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्वीच, असेल, तर ती साडेनऊ अँपिअरला पडत नाही, कारण तिच्या दृष्टीने सगळे ठीकच चालले आहे. मोठी पिन लहान सॉकेटात घालण्यासाठी बाजारात जो ठोकळा मिळतो, तोही याच कारणाने मला पटत नाही. हीटर रॉड १५०० वॅटचा असला तरी त्याला साडेसहा अँपिअर लागतात आणि लोक तो खुशाल त्या ठोकळ्यावर लावून अंघोळीचे पाणी तापवतात.

आता पिन कापण्याविषयी. इंग्रजी चपट्या पिनेच्या पोटात एक फ्यूज असतो, बहुधा ३ किंवा १३ अँपिअरचा, आणि तो त्या उपकरणाच्या वायरचे रक्षण करतो. पिन कापली की तो फ्यूज कचऱ्यात जातो. तरीही किटलीची पिन कापून तिला १६ अँपिअरचा आयएसआय शिक्का असलेला टॉप लावावा आणि ती फक्त पॉवर पॉइंटवर चालवावी, असे माझे मत आहे. इस्तरीला साडेचार अँपिअरही लागत नाहीत, तिला ६ अँपिअरचा तीन पिनांचा टॉप पुरेल. तपकिरी वायर फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या पिनेला, निळी न्यूट्रलला, म्हणजे ती परत नेणाऱ्या पिनेला, हिरवी-पिवळी वरच्या जाड पिनेला. आपल्या जुन्या फिटिंगमध्ये हेच रंग लाल, काळा आणि हिरवा असे सापडतील. सॉकेटकडे तोंड करून पाहिले आणि जाड भोक वर असले, तर फेज उजव्या हाताला यायला हवा. टॉपमध्ये हिरवी वायर इतर दोघींपेक्षा थोडी लांब सोडावी, म्हणजे कोणी वायर ओढली तर ती सगळ्यात शेवटी तुटेल. आणि वायरवर आवळायची ती छोटी पट्टी कृपया फेकून देऊ नये, जवळजवळ प्रत्येक घरात ती गायब असते.

झिणझिण्यांचे मात्र मला काही बरे लक्षण दिसत नाही. तुमच्या अडॅप्टरला भिंतीत जाणाऱ्या पिना किती आहेत, दोन की तीन?

सातपुडा_पायथा (शहादा)

थोडे विषयाला धरूनच कबूल करते. आमच्याकडे दोन पिनांचा चार्जर तीन भोकांच्या सॉकेटमध्ये जाईनासा झाला की वरच्या भोकात पेनाचे टोपण किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा, म्हणजे खालची झडप उघडते आणि पिन आत जाते. माझा दहा वर्षांचा मुलगा हे काम माझ्यापेक्षा सफाईने करतो. हे चुकीचे आहे का?

भुसावळकर

ताई, चुकीचे आहे, आणि मुलगा करतो म्हणून अधिकच. वरची पिन जाड व लांब ठेवण्यामागे दोन हेतू आहेत. ती आधी आत शिरते आणि शेवटी बाहेर येते, म्हणजे उपकरणाला वीज मिळण्याआधी अर्थिंग, म्हणजे गळती जमिनीत नेणारी वाट, मिळते, आणि आत शिरताना तीच खालच्या दोन भोकांवरची झडप बाजूला सारते. लहान मुलाने खिळा किंवा केसांचा आकडा घातला तर आत जाऊ नये म्हणूनच ती झडप आहे. आपण त्याला कुलूप फोडायला शिकवत आहोत. शिवाय चार्जरच्या पिना ४ मिलिमीटरच्या असतात आणि आपल्या सॉकेटची भोके ५ मिलिमीटरच्या पिनेसाठी. त्या सैल बसतात, ठिणग्या उडतात. बोर्डावर दोन पिनांचे वेगळे सॉकेट बसवून घ्यावे, खर्च किरकोळ आहे.

निवृत्त_मास्तर (जळगाव)

तारजोड्या, अडॅप्टरला भिंतीत जाणाऱ्या पिना दोनच आहेत. मी आता नीट पाहिले.

तारजोड्या (अमळनेर)

तर मग इस्तरीचे कोडे सुटले. इस्तरीच्या टॉपला तीन पिना, भिंतीला तीन भोके आणि मधल्या अडॅप्टरने तिसरी वाट बंद केली. इस्तरीच्या तापणाऱ्या कांडीतून थोडी गळती होतेच, ओलावा धरला की जास्त होते. ती हिरव्या वायरने जमिनीत जायची, आता तुमच्या बोटातून व अनवाणी पायातून जाते. आज ती झिणझिण आहे. आतली कांडी फुटून तार पत्र्याला टेकली, तर संपूर्ण २३० व्होल्ट इस्तरीच्या अंगावर येतील आणि ती तरीही मजेत तापत राहील.

युरोपातल्या काही गोल, जाड पिनांच्या वस्तूही आपल्या सॉकेटात बेताबेताने शिरतात. त्यांचे अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांतून होते आणि त्या पट्ट्यांना टेकायला आपल्या सॉकेटात काहीच नसते. बसली म्हणजे झाले, असे समजून लोक ती वापरतात.

रावेरची_लेक

मास्तर, तुमच्या पहिल्या पोस्टमधले कूलरचे वाक्य वाचून राहवले नाही. माझी आजी उन्हाळाभर एकच वाक्य म्हणायची, "कूलरले हात लावू नको, करंट लागस." आम्ही पोरे ते उन्हाळ्याचा भागच समजत होतो, जसे आंबे, तसा कूलरचा करंट. रबरी चप्पल कूलरजवळ ठेवलेली असायची, पाणी भरणाऱ्याने ती घालायची, असा घराचा नियम होता. आता लग्नानंतर पुण्यात राहते आणि इथे कोणाला हे सांगितले तर विश्वास बसत नाही. तुम्ही दुबईच्या पिनेचा विचार करत आहात, पण मला वाटते की आधी आपल्या गावच्या कूलरची पिन उघडून पाहावी.

खरं_बोलू_का (धुळे)

मंडळी, जरा अतिशयोक्ती होत नाही का? आमच्या घरी चाळीस वर्षे लोखंडी कूलर आहे, करंटही आहे, आणि सगळे ठणठणीत आहेत. ४५ अंशांच्या उन्हात कूलर बंद ठेवला तर माणूस त्यानेच आधी आडवा होईल. एमसीबी बसवलेली आहे, काही झाले तर ती पडेल.

भुसावळकर

भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी मुद्दाम थोडा हिशेब मांडतो, कारण हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे.

समजा कूलरच्या मोटारीचे इन्सुलेशन गेले आणि फेज पत्र्याला टेकला. हिरवी वायर नीट आहे, तीही अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत, म्हणजे जमिनीत सळई पुरलेली असते तिथपर्यंत, जाते. आता प्रवाह किती जाईल, हे त्या खड्ड्याच्या रोधावर ठरते. पावसाळ्यात आपली काळी माती ओली असताना तो रोध दोन-चार ओहम असेल, तर पन्नास-साठ अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह जाऊन एमसीबी लगेच पडेल. पण आपण कूलर पावसाळ्यात लावत नाही. आपण तो एप्रिल-मे महिन्यांत लावतो, जेव्हा तीच काळी माती वाळून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सळईभोवतीची मातीसुद्धा सुटते. खड्ड्याला कोणी पाणी घातले नाही आणि रोध २० ओहमवर गेला, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर जातील. १६ अँपिअरची एमसीबी त्यावर पडणार नाही. कूलरचा पत्रा जिवंत राहील, पंखा फिरत राहील आणि जमीन साडेअकरा अँपिअरने तापत राहील. आपल्या भागात ज्या महिन्यांत अर्थिंगची सर्वांत जास्त गरज असते, त्याच महिन्यांत ते सर्वांत कमकुवत असते, ही यातली खरी अडचण आहे.

आता माणसाकडे पाहू. ओल्या हातापायांच्या शरीराचा रोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर जातात. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडते, कारण त्यापुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढत जातो. एमसीबीला मात्र २३० मिलिअँपिअर म्हणजे एक बारीकसा दिवा लागल्यासारखे वाटतात. एमसीबी वायरचे रक्षण करते, आरसीसीबी माणसाचे करते. चाळीस वर्षे काही झाले नाही, कारण तुमच्या कूलरची गळती आजवर लहान राहिली. ती लहानच राहील, असे कोणी लिहून दिलेले नाही.

कूलर बंद ठेवा, असे मी म्हणणार नाही, मीही भुसावळातच राहतो. पाणी भरताना स्वीच बंद करून पिन काढावी, खड्ड्यात उन्हाळाभर रोज बादलीभर पाणी टाकावे आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. तिच्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून ती पडते की नाही, ते पाहावे.

खरं_बोलू_का (धुळे)

हिशेब पटला. आरसीसीबीचे विचारून येतो. खड्डा कुठे आहे, हे मात्र वडिलांनाच माहीत असेल.

तारजोड्या (अमळनेर)

साहेबांच्या हिशेबाला माझी एक पुरवणी. बऱ्याच ठिकाणी खड्डाच केलेला नसतो. वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून तारेचा एक तुकडा वरच्या भोकाला जोडून देतो आणि त्याला अर्थिंग म्हणतो. आमच्याच धंद्यातली ही लबाडी आहे, म्हणून लिहिताना लाज वाटते. फेज आणि वरचे भोक यांच्यात दिवा लावून पाहिला तर तो झगझगीत पेटतो, त्यामुळे घरमालक खूश होतो. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर चालू उपकरणातून फिरून आलेला फेज थेट उपकरणाच्या अंगावर येतो, म्हणजे उपकरणात काही बिघाड नसतानासुद्धा ते झटका देते. आरसीसीबीलाही ती गळती दिसत नाही, कारण ती न्यूट्रलच्याच वाटेने परत जाते. म्हणून केवळ दिव्याच्या चाचणीवर विश्वास ठेवू नये. मेन बंद करून सॉकेट उघडावे आणि हिरवी वायर खरोखर पुढे जाते का, ते डोळ्यांनी पाहावे.

दुसरे असे की आपल्याकडच्या दुकानांत बनवून मिळणाऱ्या कूलरला टॉप तीन पिनांचा असतो, पण पुष्कळदा आतून वायर दोनच पदरांची असते. वरची पिन नुसती शोभेला.

चोपड्याचा_विद्यार्थी

मी ऑक्टोबरमध्ये शिक्षणासाठी जर्मनीला जात आहे. आई म्हणते की इथूनच इस्तरी, एक्स्टेंशन बोर्ड आणि लहान मिक्सर घेऊन जा. दाब तिथेही २३० असल्यामुळे चालेल ना?

भुसावळकर

चालेल, पण पिन जाणार नाही. तिथल्या सॉकेटची भोके ४.८ मिलिमीटरच्या पिनेसाठी आहेत आणि आपल्या लहान टॉपच्या पिना ५ मिलिमीटरहून थोड्या जास्त जाड आहेत. मुले त्या ठोकून बसवतात आणि मग वसतिगृहाचे सॉकेट बिघडते. एकच चांगला, अर्थिंगची जोडणी असलेला अडॅप्टर घ्या आणि आपले एक्स्टेंशन बोर्ड त्यावर लावा. त्या एका बोर्डावर इस्तरी आणि मिक्सर एकाच वेळी मात्र चालवू नका. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला कधी हलकी सुरसुरी जाणवली तर घाबरू नका, दोन पिनांच्या चार्जरमध्ये ती येते. तसेच एखाद्या वस्तूवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर तिला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि तिला तिसऱ्या पिनेची गरज नाही. इस्तरी इथून नेण्यापेक्षा तिथे घेतलेली बरी.

सातपुडा_पायथा (शहादा)

आणि माझी नणंद अमेरिकेत मिक्सर घेऊन गेली आहे. तिथे तो रडत रडत फिरतो म्हणते.

भुसावळकर

त्याला अर्धाच दाब मिळतो आहे, ताई. दाब चढवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तो मिक्सरवर लिहिलेल्या वॅटपेक्षा दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्यावा, कारण मोटार सुरू होताना जास्त ओढते. शेंगदाण्याची चटणी तोपर्यंत खलबत्त्यात.

निवृत्त_मास्तर (जळगाव)

मंडळी, चार दिवस उत्तर देऊ शकलो नाही, त्याचे कारण आता सांगतो.

तुम्हा सर्वांचे वाचून गावातल्या एका जाणत्या वायरमनला बोलावले. पहिल्यांदा कूलरचा टॉप उघडला. वायर दोन पदरांची निघाली, तारजोड्यांनी म्हटले होते तशीच. नंतर सॉकेट उघडले, तर तिथे हिरवी वायर होती, म्हणून मला हायसे वाटले. वायरमन मात्र काही बोलला नाही, तो ती वायर धरत धरत मीटरपाशी गेला. तिथे सगळ्या खोल्यांच्या हिरव्या वायरी एकत्र पिळून, त्यांच्यावर काळी टेप गुंडाळून लाकडी पेटीमागे सोडून दिल्या होत्या. त्या कशालाही जोडलेल्या नव्हत्या. त्याने समजावले की ही अवस्था अर्थिंग अजिबात नसण्यापेक्षाही वाईट आहे, कारण घरातल्या सगळ्या उपकरणांची अंगे एकमेकांना जोडलेली आहेत आणि जमिनीला जोडलेली नाहीत. फ्रिजमध्ये बिघाड झाला, तर झटका कपडे धुण्याच्या यंत्राला हात लावणाऱ्याला बसेल.

मूळ खड्डा कुठे आहे, हे आठवायला एक संध्याकाळ गेली. अखेर सौभाग्यवतींना आठवले की तो मागच्या अंगणात पेरूच्या झाडाजवळ होता. तीन वर्षांपूर्वी तिथे सिमेंटचे ठोकळे बसवताना कामगारांनी वर आलेली पट्टी कापून टाकली असावी, आणि जागा स्वच्छ दिसते म्हणून त्या दिवशी मीच त्यांना चहा पाजला होता.

नवा खड्डा मोरीचे पाणी जाते त्या बाजूला घ्यायचे ठरले आहे, म्हणजे मे महिन्यातही जमीन ओली राहील. इस्तरीला तीन पिनांचा टॉप बसला, पण ती अजून कपाटात आहे. किटलीसाठी ओट्याजवळ पॉवर पॉइंट निघेल. पांढरा अडॅप्टर सुनेने लपवून ठेवला आहे, माझ्यापासून. खड्डा खणणारे सोमवारी येणार आहेत, तोवर कूलर बंद आहे आणि आम्ही सगळे गच्चीवर झोपतो.